चिडचिड शून्य

माणसांची चिडचिड मोजायची आणि त्याचा पगार घ्यायचा, असलं काम जगात असतं यावर इंद्रायणीच्या सासूबाईंचा, विमलबाईंचा, आजही विश्वास नाही. शेजारणींनी विचारलं तर त्या सांगतात, "सून कंप्युटरमध्ये हाय." कासारवाडीत तेवढ्यावर भागतं. निम्मी कासारवाडी कंप्युटरमध्ये आहे आणि उरलेली कंपनीत.

पण काम खरंच तेच होतं. पिंपरीत एका मोबाईलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दिग्विजयचं छोटं ऑफिस होतं. कुणी नवं अ‍ॅप केलं, मशीनची नवी स्क्रीन केली की हे ऑफिस ती लोकांच्या हातात द्यायचं आणि ते कुठे अडतात, कुठे वैतागतात ते बघायचं. कोण कुठलं बटण दाबतं हे यंत्र आपोआप टिपायचं. चेहरा मात्र माणसानेच वाचावा लागे, आणि त्यात इंद्रायणीचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं. भुवया जवळ आल्या, ओठ आत ओढले गेले, तेच बटण पुन्हा पुन्हा बडवलं, नाकातून जोरात श्वास सोडला, की प्रत्येकाचा एक गुण. सगळ्यांचे गुण एकत्र केले की त्या स्क्रीनची चिडचिड निघायची. स्क्रीन करणाऱ्यांना ती कमी झालेली हवी असायची, आणि कमी झाली की दिग्विजयचं बिल लवकर निघायचं.

ही नजर तिला कुठल्या कोर्समध्ये मिळाली नव्हती. महाळुंग्याला माहेरी तिचे वडील सोपानराव जेवायला बसले की आई त्यांच्या अंगठ्याकडे बघायची. अंगठा ताटाच्या कडेवर घट्ट टेकलेला दिसला की ती पोरांना डोळ्यांनी खुणावायची, आज आवाज नको. इंद्रायणी ते बघत मोठी झाली. वडील चिडायचे, भांडी आपटायचे, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलायचे. एकदा मात्र ते सबंध आठवडाभर फार गोड वागले. पोरांना जवळ बसवलं, आईच्या भाजीचं कौतुक केलं. मग कळलं की कुणाला न विचारता त्यांनी विहिरीशेजारची जमीन विकून टाकली होती. त्या जमिनीवर आता कंपन्यांचे ट्रक उभे असतात.

म्हणून लग्न ठरवताना तिने एवढंच बघितलं की माणूस हसरा आहे का. शेखर हसरा होता. महाळुंग्यातच गाड्यांचे पत्र्याचे भाग करणाऱ्या एका कंपनीत तो प्रेसवर ऑपरेटर होता, ठेकेदाराकडून लागलेला. परमनंट करतो, करतो म्हणत कंपनीने त्याला ताटकळत ठेवलं होतं. प्रेस म्हणजे एका ठोक्यात पत्र्याला आकार देणारं धूड. पत्रा आत ठेवायचा, हात बाहेर घ्यायचे, समोरचं जाळीचं दार ओढून लावायचं, ठोका पडला की दार उघडून भाग काढायचा, पुन्हा पत्रा ठेवायचा. शिफ्ट संपेपर्यंत हेच.

यंदाच्या उन्हाळ्यात कंपनीने त्या प्रेसवर नव्या स्क्रीन बसवल्या. दार लागलं की नाही हे चौकटीतला सेन्सर ओळखायचा. दर ठोक्याआधी ते पुरतं लागलेलं दिसलं की स्क्रीन टिंग वाजून हिरवी व्हायची आणि मगच बटण दाबून ठोका पडायचा. जराशी फट राहिली तरी स्क्रीन लाल. पुन्हा दार उघडा, पुन्हा लावा. माल निघेना, सुपरवायझर डोक्यावर बसायला लागला, आणि हसरा शेखर घरी येऊन चपला भिरकावायला लागला. भाजीत मीठ कमी, पंखा हळू, शेजाऱ्याचा टीव्ही मोठा. विमलबाई देवापुढे बसून पुटपुटायच्या. इंद्रायणी पोळ्या लाटता लाटता नवऱ्याचे गुण मोजायची. ते काही केल्या कमी होत नव्हते.

आणि नेमकी तीच स्क्रीन तपासायचं काम दिग्विजयकडे आलं. यात मोठा योगायोग काही नाही. महाळुंग्यातल्या कुठल्याही कंपनीत पाय ठेवला की कुणीतरी घरचं निघतंच. तिने दिग्विजयला सांगून टाकलं की ऑपरेटरांत माझे मिस्टर आहेत. तो म्हणाला, हरकत नाही, त्यांच्या वेळी मी उभा राहतो, तुम्ही नंतर व्हिडिओ बघा.

पहिल्या फेरीत चिडचिड इतकी निघाली की दिग्विजय खूश झाला. सुधारायला वाव आहे म्हणाला. त्याने अक्षरं मोठी करवली, इंग्रजी काढून मराठी घातलं, लाल रंग जरा सौम्य केला. महिन्याभराने दुसरी फेरी झाली. इंद्रायणी चेहऱ्यांमागून चेहरे बघत गेली. कुणाची भुवई हलली नाही, कुणी बटण बडवलं नाही. सोनबा नावाचे वयस्कर ऑपरेटर तर कॅमेऱ्याकडे बघून हसले. शेखरच्या कपाळावर एक आठी नव्हती. गुण आले शून्य.

तिला ते खटकलं होतं. चिडचिड निम्मी झाली तर समजता येतं. पार नाहीशी झालेली तिने कधी पाहिली नव्हती. थोडी तरी कुणाच्या तरी ओठांवर उरतेच. पण स्क्रीनवर तिचा नवरा होता, बऱ्याच दिवसांनी शांत दिसत होता, आणि ही शांतता आपल्या ऑफिसच्या कामामुळे आली असं मानायला तिला फार बरं वाटलं. दिग्विजयने केक मागवला. कंपनीच्या साहेबांनी कौतुकाचा फोन केला. तिने शून्य लिहून टाकलं.

घरातही सगळं निवळलं. शेखर गुणगुणत यायचा, चहा मागायचा, आईच्या पायाला तेल लावून द्यायचा. विमलबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून त्याची दृष्ट काढली. फक्त स्वयंपाकघरातलं एक बारीकसं लचांड उपटलं. कपबशांच्या कपाटाचं दार बंद राहीना. ढकललं तरी हळूहळू उघडायचं, आणि खाली वाकून उठलं की इंद्रायणीच्या डोक्याला टेंगूळ. दाराला धरून ठेवणारं लोहचुंबक आतून गेलेलं होतं. पडलं असेल कुठेतरी, स्क्रू ढिले झाले असतील, असं म्हणून तिने दाराला रबर लावलं.

खंडेनवमीला कंपनी घरच्यांना बोलावते. मशीन धुऊन पुसून लख्ख करतात, झेंडूचे हार घालतात, नारळ फुटतो, पेढ्यांचा बॉक्स हातात पडतो. इंद्रायणी या वेळी तपासणीवाल्या मॅडम म्हणून गेली नव्हती, सासूचा हात धरून, काठापदराची साडी नेसून शेखरची बायको म्हणून गेली होती. एरवी ज्या शेडमध्ये ठोक्यांनी पायाखालची जमीन थरथरते तिथे त्या दिवशी पूर्ण शांतता होती. प्रेस हार घालून उभ्या होत्या. तिला ती शांतता आवडली नाही. का ते सांगता आलं नसतं.

पूजेचं ताट सोनबांच्या हातात होतं. कुंकू अनामिकेने लावतात. सोनबांच्या उजव्या हाताला ती नव्हती, शेजारची करंगळीही नव्हती, जुन्या कुठल्या तरी कंपनीत गेली होती. ते मधल्या बोटाने कुंकू लावत होते आणि इतक्या सवयीने की कुणाचं लक्ष जात नव्हतं. शेखरच्या प्रेसपाशी आल्यावर स्क्रीनला लावलं, बटणांना लावलं, जाळीच्या दाराच्या मुठीला लावलं. मग खाली वाकून त्यांनी चौकटीच्या कोपऱ्यात हात घातला. तिथे सेन्सरवर काळ्या चिकटपट्टीने काहीतरी बसवलेलं होतं. त्यालाही त्यांनी हळद लावली, कुंकू लावलं आणि हात जोडले. मशीन चालवणारा एकही भाग पूजेतून सुटता कामा नये, एवढाच त्यांचा साधा हिशेब होता.

"ते काय आहे हो, सोनबाकाका?" तिने विचारलं.

"त्यो व्हय? त्यो आमचा मालक," सोनबा म्हणाले. "त्याच्यामुळंच माल निघतोय, ताई. न्हाईतर ही बया दर घडीला लाल व्हती."

भोवतीचे ऑपरेटर हसले. नारळ फोडायला आलेले उत्पादनाचे साहेबही हसले, त्यांनी त्या कोपऱ्यावर दोन अक्षता टाकल्या आणि ते पुढच्या मशीनकडे वळले. शेखर हसला नाही. तो हातातल्या पेढ्याच्या बॉक्सकडे बघत राहिला.

इंद्रायणी पदर सावरून वाकली. चिकटपट्टीतून पांढऱ्या प्लास्टिकची एक कड बाहेर आली होती, आणि त्या कडेवर पोपटी रंगाचा थेंब होता. स्वयंपाकघराच्या भिंती गेल्या दिवाळीत पोपटी केल्या होत्या तेव्हा तो उडाला होता. पुसायचा राहून गेला होता. दारावरच्या चुंबकाऐवजी तिच्याच कपाटाचं लोहचुंबक इथे बसून मशीनला सांगत होतं की दार बंद आहे. दार सताड उघडं असो, कुणाचा हात आत असो, ते हेच सांगणार होतं. विमलबाई शेजारी उभ्या राहून भक्तिभावाने हात जोडत होत्या.

सणाचे दिवस संपून ऑफिस उघडलं तशी तिने शेखरचे दोन्ही व्हिडिओ काढले. कॅमेरा चेहऱ्यावर लावलेला होता, हात आणि दार चौकटीच्या बाहेर. चिडचिड चेहऱ्यावर असते म्हणून कॅमेरा तिथेच लावायचा, असं तिनेच ठरवलेलं. आता तिने चेहऱ्याकडे न बघता डोळे मिटून नुसता आवाज ऐकला. पहिल्या फेरीत आधी दार आपटल्याचा खणका, मग टिंग. दुसऱ्या फेरीत आधी टिंग, मग खणका. दार लागायच्या आधीच स्क्रीन हिरवी होत होती. तपासणीवाले समोर आहेत म्हणून ते दार लावण्याचा देखावा तरी करत होते. ते नसताना दार लावत असतील असं तिला वाटेना.

तिने दिग्विजयला ऐकवलं, पूजेत पाहिलेलंही सांगितलं. त्याने दोनदा ऐकलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"हे आपलं काम नाही, इंद्रायणी."

"सर, आपण शून्य लिहून दिलंय. ते खोटं आहे."

"खोटं कसं? त्यांना चिडचिड होत नाहीये, हे खरंच आहे ना?" मग तो जरा नरमला. "मी तक्रार करतो. करू? सेफ्टीच्या मॅनेजरचा नंबर तुमच्याकडेही आहे. पण पहिला कोण जाईल सांगा. अक्षता टाकणारे साहेब नाही जाणार. मॅग्नेट ज्याच्या मशीनवर सापडेल तो ठेकेदाराचा माणूस जाईल. तुमच्या घरातला."

तो काही वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं बरोबरच होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. ती जागेवर येऊन बसली.

संध्याकाळी विमलबाई देवळात गेल्यावर तिने शेखरला स्वयंपाकघरात बोलावलं. दाराचं रबर काढलं. दार दोघांच्या मध्ये हळूहळू उघडलं.

"काही बोलू नका," ती म्हणाली. "मला पोपटी थेंब दिसलाय."

शेखर ओट्याला टेकला. "इंदू, सगळेच करतात गं. दार लावत बसलं तर निम्मा माल निघत नाही. परमनंटच्या यादीत नाव टाकायचं तर साहेब आधी माल विचारतात."

"आणि हात विचारतात का कुणी? सोनबांचा हात बघितलात ना तुम्ही? रोज बघता ना?"

"सोनबांचं वेगळं होतं. ती मशीन जुनी होती."

"मशीन नवी असली म्हणून ठोका हळू पडतो का?" तिचा आवाज फुटला. "मला लोकांचे चेहरे कळतात म्हणून पगार मिळतो. आणि माझ्याच घरातला माणूस रोज हसत येत होता, मी खूश होत होते. लाज वाटते मला त्याची."

ती रडायला लागल्यावर शेखर घाबरला. तो तिच्या रडण्याला नेहमीच घाबरायचा. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी घरी येताना त्याने ते लोहचुंबक परत आणलं, कुंकवाचे डाग तसेच, आणि स्वतः स्क्रू पिळून कपाटात बसवलं. दार टक् करून बसलं.

मग घरातली शांतता गेली. दाराशी चपला भिरकावल्याचा आवाज यायला लागला. भाजीत मीठ पुन्हा कमी पडायला लागलं. "या घरात एक वस्तू जागेवर मिळंल तर शप्पथ!" असं तो ओरडला की विमलबाई दचकायच्या आणि सुनेकडे बघायच्या. सून मात्र पाठ फिरवून पोळ्या लाटत असायची, आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण सुटलेला असायचा. तो ओरडतोय म्हणजे स्क्रीन लाल होतेय. स्क्रीन लाल होतेय म्हणजे दार लागतंय. आयुष्यभर जिने आवाजाची धास्ती घेतली, ती आता संध्याकाळी कंपनीच्या बसच्या वेळेला कान देऊन त्या आवाजाची वाट बघायला लागली. एकदा त्याने ताट बाजूला सारलं तेव्हा तिला त्याचा मुका घ्यावासा वाटला. सासूबाई समोर होत्या म्हणून राहिलं.

विमलबाईंना हे काही समजत नव्हतं. "पोरगं किती शांत झालं व्हतं," त्या म्हणायच्या. "कुणाची नजर लागली न्हाई कळत." इंद्रायणी त्यांना काय सांगणार होती? त्यांनी काढलेली दृष्ट, त्यांनी जोडलेले हात, सगळं तिला आठवत होतं.

दिवाळी झाली. थंडी पडली. परमनंटच्या यादीची चर्चा बसमध्ये, पानाच्या टपरीवर, जिन्यात सगळीकडे सुरू झाली. शेखरचं ओरडणं काही दिवस वाढलं, मग त्यात खंड पडायला लागला. एक दिवस तो ओरडला, दुसऱ्या दिवशी नाही. ती स्वतःला समजावत होती, माणूस सरावतो, हात बसतो, दार नीट लावायची सवय होते. तिचंच काम तिला सांगत होतं की असं होऊ शकतं. रोज ती कपबशांचं कपाट उघडून बघायची. लोहचुंबक जागेवर असायचं.

आणि त्या संध्याकाळी शेखर गुणगुणत घरात आला. चपला एका शेजारी एक ठेवल्या. आईला विचारलं, पाय दुखतायत का. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "इंदू, आज मस्त आलं घालून चहा कर. घाई नाही."

घाई नाही. तिने चटकन वळून त्याच्या हातांकडे बघितलं. दोन्ही हात जिथल्या तिथे होते. तो हसून बाहेर गेला. तिने कपाट उघडलं, आत बोट घालून चाचपलं. लोहचुंबक होतं, थंडगार, कुंकवाचा डाग बोटाला लागला. दार ढकललं, टक् करून बसलं. तिने सुटकेचा श्वास सोडला, आपलाच आपल्याला राग आला, नवऱ्यावर इतका संशय घ्यावा का म्हणून.

मग ती गॅस पेटवायला वाकली. ओट्याखालचं, सिलिंडरच्या कपाटाचं दार अर्धं उघडं होतं. तिने गुडघ्याने ढकललं. ते मिटलं आणि हळूहळू पुन्हा उघडायला लागलं. तिने परत ढकललं. ते परत आलं. आत, वरच्या बाजूला, स्क्रूंची दोन रिकामी भोकं होती आणि भोवती लाकडाचा ताजा भुसा.

बाहेर शेखर आईला काहीतरी सांगत होता आणि दोघं हसत होती. इंद्रायणीने लायटर ओट्यावर ठेवला. यादीत त्याचं नाव येईल की नाही हे तिला माहीत नव्हतं. पण हे लोहचुंबक सापडलं की यादीच काय, ठेकेदाराच्या बसमध्येही जागा राहणार नाही हे तिला दिग्विजयने सांगून ठेवलं होतं. तिने ओढणीला हात पुसले, फोन घेतला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन शेखरच्या समोर उभी राहिली. सेफ्टीच्या मॅनेजरचा नंबर लावून तिने फोन स्पीकरवर टाकला.

"कुणाला करतेयस?" शेखर अजून हसतच होता.

पलीकडे घंटा वाजत राहिली. तिच्या हातातली स्क्रीन त्याला दिसली, नाव वाचता आलं. त्याच्या भुवया जवळ आल्या. ओठ आत ओढले गेले. नाकातून जोराचा श्वास सुटला. एक एक खूण तिला माहीत होती, तिच्या पोटापाण्याच्या खुणा होत्या त्या, आणि प्रत्येक उमटताना ती बघत राहिली.

"इंदू, फोन ठेव," तो म्हणाला. हा आवाज त्याने तिच्यासमोर कधीच काढला नव्हता. विमलबाईंचं हसू ओठांवरच राहिलं.

"हॅलो, कोण बोलतंय?" फोनमधून आवाज आला.

शेखर उठून तिच्याकडे येत होता. तिने फोन दोन्ही हातांनी धरला.

"मी प्रेसवरच्या शेखरची बायको बोलतेय," ती म्हणाली, आणि तिने त्याच्या मशीनचा नंबर सांगितला.